चादर धरणारी मोठीबाय

आमच्या मंडळीत डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणारी एकच बाई होती, आणि नेमकी तीच आमच्या भगिनी मंडळाची अध्यक्ष होती. बाकी सगळ्या माना खाली घालून, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, आणि ही छताच्या पंख्याकडे बघत, समोर धाकटा दीर बसलाय अशा आवाजात देवाशी बोलतेय. "आइक, त्या शांतम्माच्या पोराला ताप हाय चार दिस. तुला ठाव हायच, पन तुझ्या मागं कामं जाम, म्हनून आठवन करते." लग्न होऊन मी नगरकडून भिवंडीत आले तेव्हा पहिल्याच गुरुवारी मी हळूच एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. प्रार्थना संपल्यावर म्हणाली, "डोले मिटून कुनाशी बोलतात का गो? समोरच्याला वाटंल, झोपली."

तिला सगळे मोठीबाय म्हणत. अंगानं मात्र एवढीशी. भाषणाच्या टेबलामागे उभी राहिली की नुसता अंबाडा दिसायचा, म्हणून ती टेबलापुढे येऊन बोलायची. लुगडं नऊवारी, पायात रबरी चपला, आणि खांद्याला कापडी पिशवी, जी ती उपासनेतही खाली ठेवत नसे. ती भिवंडीशेजारच्या कोन गावातल्या शेतकरी घरातली विधवा सून. माहेर खाडीकाठचं. आमच्यासारखी आज्या-पणज्यांपासून ख्रिस्ती नव्हे. मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, माझ्या माहेरी जेवणाआधी प्रार्थना केली नाही तर पोळी घशाखाली उतरत नसे. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, या बाईला जरा रीतभात शिकवायला हवी. देवा, काय मी शहाणी.

आमचं उपासनामंदिर म्हणजे टेमघरला एका लूमच्या कारखान्याला पाठ लावून असलेला हॉल. भिंतीपलीकडे लूमची खडखड, अलीकडे आमची गीतं. वर्षानुवर्षं त्या खडखडीवर मात करून आमच्या बायकांचे आवाज असे झाले होते, की मध्येच वीज जाऊन लूम थांबले तर आम्ही देवाला दमच देतोय असं वाटायचं.

एकदा मुंबईहून एक पाहुण्या बाई वचन सांगायला आल्या. आवाज अगदी नाजूक. पाच मिनिटं झाली तरी कुणाला एक शब्द कळेना. मोठीबाय जागच्या जागी उठली आणि पंख्याकडे बघून म्हणाली, "प्रभू, बाई येवढ्या लांबून आल्यात, जरा शांती दे." आमच्या तोंडून आमेन निघायच्या आत लाइट गेली. लूम बंद. बाईंनी मग छान तासभर वचन सांगितलं. पण लाइट काही संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि आमच्यातल्या अर्ध्या जणींचे नवरे लूमवर. लूम चालला तर कापड, कापड झालं तर मजुरी. पुढच्या गुरुवारी चौघी जणी मोठीबायशी बोलायला तयार नाहीत. तिनं घरोघर जाऊन माफी मागितली, आणि मग भर सभेत देवालाही सुनावलं, "मी शांती मागितली, तू लाइटच घेऊन गेलास. पुढल्या टायमाला इचारत जा."

पाळकांनाही ती सोडत नसे. एकदा जाळं रिकामं येणाऱ्या कोळ्यांवर उपदेश चालला होता, तर ही मधूनच म्हणाली, "पालकसाब, तवा भांग व्हती का उधान? भांगेला कुठं मासली घावते?" पाळक बिचारे सोलापूरकडचे, त्यांना भांग म्हणजे केसांचा; भरतीचं पाणी मंद असतं त्या दिवसांनाही भांग म्हणतात हे कुठून ठाऊक. पुढे ते मासे, जाळी किंवा होड्यांवर बोलायचं असलं की शनिवारी तिला विचारून घेत.

मंगळवार तिचा गावांचा. सुवार्तेला जाताना बाकी लोक पत्रकं नेतात, पुस्तिका नेतात. हिच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेले मोड आलेले वाल. कोन, खारबाव, मधल्या वाड्या, कुठंही जायची आणि एखाद्या ओट्यावर बसून बिरडं सोलायला लागायची. वालाची साल एकेक करून काढायची म्हणजे वेळखाऊ काम, आणि आमच्या या भागातल्या बाईला कुणी एकटीनं बिरडं सोलताना बघवत नाही. घरातली बाई आपोआप शेजारी येऊन बसे, मग तिची जाऊ, मग शेजारीण. हात चालू झाले की हिची गोष्ट चालू. हरवलेल्या मेंढराची, उधळ्या पोराची. सोललेलं बिरडं त्याच घरी ठेवून ही उठायची. मी एकदा म्हटलं, "मोठीबाय, प्रार्थना तरी करून निघायचं." तर म्हणाली, "रिकाम्या हातानं देवाचं बोललं की मानूस पलतो. त्याला वाटतं, ही कायतरी इकायला आली."

सुवार्तेच्या कामाचा वर्षाचा अहवाल मागायला वरून एक साहेब यायचे. त्यांनी तिला विचारलं, "बाई, या वर्षी किती जण प्रभूकडे वळले?"

"त्ये प्रभूला इचारा. मना सतरा घरांत चा मिलतो."

साहेब पेन धरून बसलेले. मग तिनं त्यांना समजावून सांगितलं, "पयल्या टायमाला पानी देतात. मग चा. मग येक दिस ती बाई तुमच्याशी भांडते. भांडली की समजायचं, घर आपलं झालं." साहेबांनी काय लिहून घेतलं कोण जाणे.

भांडण्यावरून आठवलं. खारबावला एका घरी मी तिच्यासोबत होते. आम्ही बसलोय तोच घरातला तरणा मुलगा आला आणि दारातूनच म्हणाला, "काय गो म्हातारे, आमाला बाटवायला आलीस काय?" मी तर पिशवी उचलून उभीच राहिले. हल्ली दिवस असे, की अशा शब्दावरून कुठं काय पेटेल सांगता येत नाही. मोठीबायनं हातातला वालसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाली, "मनाच अजून कुनी बाटवलं न्हाय, तुला कुठं बाटवू? बस हितं, चार दाने सोल." तो हसला. आई हसली. मीही हसले, आणि परत येताना रिक्षात दोनदा तेच आठवून हसले. तिनं विनोद केला असं मला वाटलं होतं.

आता इथं आमच्या रीतीबद्दल सांगायला हवं. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात लहान बाळाच्या कपाळाला पाणी लावत नाहीत. माणूस जाणता झाला, त्यानं स्वतः कबूल केलं, की मग पाण्यात उतरून पुरतं बुडवून बाप्तिस्मा. हॉलमध्ये मंचाच्या फळ्या काढल्या की खाली हौद आहे. बाप्तिस्मा झाला की माणूस मंडळीचा सभासद, आणि सभासद झाला की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे पुढच्या टेबलावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, बसायचा हक्क. त्याआधी नाही. पाळकांचा पोरगा असला तरी नाही.

बाई हौदातून वर येते तेव्हा लुगडं-साडी अंगाला चिकटलेली, नाकातोंडात पाणी, काही दिसत नाही. तेव्हा पायरीवर कुणीतरी चादर धरून उभं राहावं लागतं. ते काम मोठीबायचं. मी येण्याआधीपासून तिचंच. दोन्ही हात उंच करून, बुटकी असल्यामुळे टाचा उचलून ती उभी राहायची, आणि वर आलेल्या बाईला चादरीत गुंडाळून, डोकं पुसून, कानात म्हणायची, "झालं गो, झालं." आमच्या मंडळीतल्या एकूण एक बाईला तिनं असं पुसलंय, लग्न होऊन इथं आल्यावर मलाही. आणि प्रभुभोजनाच्या वेळी ती मागच्या पडवीत लहान मुलांना घेऊन बसायची, म्हणजे आयांना निवांत भाग घेता यावा. आम्ही म्हणायचो, किती निःस्वार्थी बाई, स्वतःचं भोजन बाजूला ठेवते. दर महिन्याला म्हणायचो. इतक्या बायकांत एकीच्याही डोक्यात आलं नाही, की एखाद्या महिन्यात तरी हिच्याऐवजी आपण बसावं.

मी मंडळाची सेक्रेटरी होते. ती मला 'शेकेटरी' म्हणायची, रागावली की 'शेकेटरीनबाई'. काही वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयातून फॉर्म आले: सगळ्या सभासद भगिनींची यादी, नाव, वय, बाप्तिस्म्याचं साल. मी एका शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलेली. रकाना मोकळा दिसला की माझा जीव घाबरा होतो. बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं काढून मी एकेकीचं साल शोधलं. सगळ्या सापडल्या. अध्यक्षच सापडेना. वाटलं, पान फाटलं असेल. गुरुवारी तिला विचारलं, "मोठीबाय, तुमच्या बाप्तिस्म्याचं साल कुठलं?"

"न्हाय."

"आठवत नाही?"

"बाप्तिस्माच न्हाय, तर साल कुठलं आठवू?"

मी हसले. ती हसली नाही. तीस वर्षं अध्यक्ष असलेली बाई, आणि नियमानं बघायला गेलं तर मंडळीची सभासदच नाही. आधीच्या पाळकांनी तिला चादर घेऊन उभी बघितलेली, ते धरून चालले, की हिचा झालाच असणार. नंतरच्यांनी आधीच्यांवर विश्वास ठेवला. आणि आम्ही सगळ्या? पाणी झटकून डोळे उघडले तेव्हा पहिला चेहरा तिचाच दिसला होता. चादर धरणारी बाई स्वतः कोरडी असेल असं कुणाच्या मनात येईल?

त्या दिवशी तिनं मला कोनला नेलं. भावकीनं शेतं विकली तिथं आता गोदामं उभी आहेत, एकाला एक लागून, आणि दारापुढून दिवसभर कंटेनर. दोन गोदामांच्या मधल्या बोळात तिचं दोन खोल्यांचं घर. आत खाटेवर सासू. नव्वदीच्या पुढची, वाळून काटकी झालेली. आम्ही गेलो तेव्हा सुनेला म्हणाली, "कोन तू?"

"तुजी सून."

"माजी सून बारकी हाय," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मोठीबायनं मग तिचं लुगडं बदललं, पेज भरवली, आणि भरवता भरवताच मला सगळं सांगितलं. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत तापानं गेला. मूलबाळ नाही. भावकी म्हणाली, हिला माहेरी घालवा, जमिनीत हिचा वाटा नको. तेव्हा ही सासू दारात कोयता घेऊन बसली. दोन दिवस बसली, जेवायलाही उठली नाही. म्हणाली, "पोर गेला माजा. सून मी देनार न्हाय." पुढे आजारपणात मोठीबायला मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी प्रभूची ओळख करून दिली, आणि ती भक्तीला जायला लागली. सासूनं तिला अडवलं नाही. एकच अट घातली.

"मना बोलली, जा तुज्या देवाकडं. पन पान्यात उतरलीस तर भावकी तुला माज्या मयताला शिवू देनार न्हाय. मंग माज्या दहाव्याचा भात कोन शिजवील? मना दुसरं हाय कोन? मी हाय तवर पान्यात उतरू नकोस."

"आणि तुम्ही शब्द दिलात."

"दिला. तवा वाटलं, म्हातारी हाय, दोन-चार वरसांत जाईल." तिनं सासूच्या हनुवटीवरची पेज पुसली. "बग, अजून जेवते."

मी घरी येऊन फॉर्म भरला. तिच्या नावापुढे कुठलंही साल टाकलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण मी जन्मात कागदावर खोटं लिहिलेलं नाही, आणि याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता. मी तिथं आडवी रेघ ओढली. ती रेघ मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या सचिवसाहेबांनी पाहिली.

सचिवसाहेब माणूस वाईट नव्हते. मंडळीसाठी झिजलेला माणूस, पण नियमाला नियम. त्यांनी ठराव आणला, की सभासद नसलेल्या व्यक्तीला मंडळाचं अध्यक्ष राहता येणार नाही. मोठीबाय म्हणाली, "बरं झालं, खुर्ची टोचतच व्हती." आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या मागं सतरंजीवर बसली. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या हातून झालेलं ते मी निस्तरायला निघाले, आणि आम्ही सगळ्या तिच्या मागं लागलो. मोठीबाय, गुपचूप बाप्तिस्मा घ्या. तुमच्या सासूला आता माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत, तिला काय कळणार?

"तिला न्हाय कलनार गो," ती म्हणाली. "मना कलंल ना."

त्याच वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं. मी दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, वय झालंय, ऑपरेशनचं धाडस करू नका, किती दिवस ते सांगता येत नाही. मी तिला काही सांगितलं नाही, पण तिला काय सांगायला लागत होतं? रिक्षात म्हणाली, "आता लागली शर्यत. सासू आदी का सून." कोन आलं तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "शेकेटरी, मना येकदा त्या टेबलाशी बसायचं हाय गो. पडवीत नको आता." इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

त्यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहून टाकते. त्या आठवड्यात मी तिच्याबरोबर सासूला बघायला गेले. मोठीबाय पेज करत होती. मी खाटेशी बसून, डोळे घट्ट मिटून, प्रार्थना केली की प्रभू, या म्हातारीला आता ने. आज ने. तीन पिढ्यांची ख्रिस्ती मी. डोळे उघडले तर मोठीबाय वाटी घेऊन समोर उभी.

"काय मागत व्हतीस?"

"काही नाही."

"डोले मिटून मागितलंस म्हंजे वाईटच मागितलंस," ती म्हणाली, आणि वाटी माझ्या हातात दिली. "भरव तिला."

मी भरवली. म्हातारीनं माझ्या हातून सगळी वाटी खाल्ली आणि मला म्हणाली, "बारके, तू जेवलीस?" मला तिथं बसवेना, पण बसले. पुढं दर मंगळवारी भरवायला जात राहिले.

पावसाळा सरता सरता म्हातारी झोपेतच गेली. कोयता घेऊन बसणारी बाई, तिनं जातानाही कुणाला त्रास दिला नाही. दहाव्याला मी खाडीकाठी गेले होते. लांब उभी राहिले, कारण आमच्यात हे चालत नाही. मोठीबायनं भात स्वतः शिजवला होता. पुतण्यानं पिंड ठेवला. आणि कावळा येईना. वर झाडावर चार-पाच बसलेले, पण एकही खाली उतरेना. भावकीतले एकेक जण पुढे होऊन काय काय कबूल करू लागले. घर नीट ठेवू, मुलांना सांभाळू. काही नाही. ऊन चढलं. मग मोठीबाय पुढे गेली आणि नेहमीसारखी, डोळे उघडे ठेवून, समोरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आये, भात शिजवला. समदं केलं. आता जाऊ का मी पान्यात?"

कावळा आला. काय म्हणायचं ते म्हणा. मी लांबून पाहिलं ते सांगते. मी तिथंच रडले, आणि ती पदरानं तोंड पुसून सरळ माझ्याकडे चालत आली.

दुसऱ्याच रविवारी तिनं बाप्तिस्म्याचा अर्ज दिला. कमिटीपुढे तिला बोलावलं. बायका हॉलच्या दाराशी उभ्या, माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मी आत. सचिवसाहेबांनी विचारलं, "सासूबाईंच्या दहाव्याला तुम्ही भाग घेतला का?" मी टेबलाखालून तिला पाय लावला, की जरा मोघम बोल. पण ती कुठली ऐकायला.

"घेतला. भात मीच शिजवला. कावला पन मीच बोलावला."

सचिवसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, मग एक वर्ष थांबावं लागेल. असं नियमात आहे, एक वर्ष शिकवण, मग विचार करू. वर्ष तिच्याजवळ नव्हतं हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी ते 'एक वर्ष' कागदावर लिहायला घेतलं. बोल फुटला तो दाराशी. शांतम्मा, आमची पद्मानगरची तेलुगू बहीण, जी इतक्या वर्षांत सभेत कधी 'आमेन'च्या पलीकडे बोलली नव्हती, ती थेट आत आली. म्हणाली, "साहेब, ये बाई आमाला सगल्यांना पुसली. तुमचा बायकोला पुसली. तुमचा मुलगीला पुसली. आज तिला तुमी बाहर ठेवते?"

मग मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "इतिवृत्तात काय लिहू ते सांगा. सासूला दिलेला शब्द पाळला म्हणून एक वर्ष शिक्षा, असं लिहू का? मी खोटं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे." माझ्या बोलण्यात राग होता आणि माझी स्वतःची लाजही होती. पाळक म्हणाले, "बाई तीस वर्षं शिकवतेय. तिला आणखी कोण शिकवणार? येत्या रविवारी हौद भरा." सचिवसाहेबांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, "थंड पाणी तिला चालायचं नाही." पाणी तापवायचं त्यांच्याच डोक्यात आलं, हे मला सांगायलाच हवं.

रविवारी सकाळपासून आसपासच्या घरांतून गरम पाण्याच्या बादल्या येत होत्या. पलीकडच्या कारखानदाराच्या घरच्या चाचींनी दोन मोठी पातेली भरून दिली आणि सांगितलं, "बूढ़ी अम्मा को ठंड न लगे." सचिवसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादल्या ओतत होते. मोठीबाय पायरीवरून पाण्यात पाय घालून म्हणाली, "कपडे उकडायचं पानी हाय का ह्ये?" पाळकांनी एका हातानं तिची मान धरली, दुसऱ्यानं हात, विचारायचं ते विचारलं. तिनं स्पष्ट 'हो' म्हटलं. आणि एवढीशी बाई, पाण्याखाली गेली न गेली तोच वर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचे डोळे मिटलेले पाहिले.

आणि त्याच उपासनेत, महिन्याचा पहिला रविवार होता म्हणून, ती प्रभुभोजनाला बसली. कोरडं लुगडं नेसून, ओला अंबाडा तसाच, माझ्या शेजारी, पुढच्या रांगेत.

त्या टेबलावरची भाकर तीच करायची. दर महिन्याला, कोनहून येताना धुतल्या फडक्यात गुंडाळून, बिनयीस्टची, पातळ. चव मात्र तिनं कधी घेतली नव्हती. जे आपलं नाही ते तोंडात घालायचं नाही. ताट फिरत आलं. तिनं तुकडा उचलला, तोंडात ठेवला, आणि बराच वेळ नुसता तोंडात धरून बसली. मला वाटलं, रडतेय. मी तिचा हात धरला. तर ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "शेकेटरी, यात मीठ न्हाय गो."

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, नियमच असेल."

"तीस वरसं आलनी खाल्लीत, आनि येक जन बोलली न्हाय?"

मला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं, ते तर अजिबात आवरेना, आणि पाळक वरून बघताहेत. पुढच्या महिन्यापासून तिनं मीठ घातलं. त्यानंतरही कुणी काही बोललं नाही, फक्त सचिवसाहेब दुसरा तुकडा मिळेल का अशा नजरेनं ताटाकडे बघत राहिले.

ती आठ महिने जगली. म्हणजे ते टेबल तिला आठ वेळा मिळालं. नवव्या महिन्याची भाकर मी केली. मीठ अंदाजानं घातलं. कमी झालं की जास्त, मला अजून माहीत नाही. आमच्यात कुणी सांगत नाही. सांगणारी एकच होती.